कणगीतला दांडा

लालमहंमद मिस्त्रीच्या तळहातात काटे रुतत ते बाभळीचे नव्हेत, पोलादाचे. कोल्हारजवळ पाटाचं काम चाललं होतं. लढाई संपल्यावर लष्कराने विकून टाकलेला एक लोडर कंत्राटदाराने तिथे आणला होता. माती उचलणारं त्याचं पुढचं भलंमोठं पात्र पोलादी दोरावर वरखाली होई. कामावरच्या बाया त्याला सूप म्हणत. लालमहंमद रोज सकाळी चिंधी घेऊन तो दोर टोकापासून टोकापर्यंत पुसत जाई. दोरातली एखादी तार तुटून वर आली असली की चिंधी अडके. कधी तीच तार चिंधीतून हातात घुसे.

संध्याकाळी त्याची बायको गौहर उंबऱ्यात बसून सुईने ते काटे काढी.

"मशिनीला तेल पाजता, आन् हाताला काटे?"

"मशिनीला बायकू न्हाई ना, गौहर!"

त्या आठवड्यात काटे फार वाढले. चिंध्या धुवायला घेतल्या, तर त्यांच्या पार दशा झालेल्या.

"दोर गेला व्हय?" काटा काढता काढता गौहरने विचारलं.

"नवा नगरहून यायचाय. ओव्हरशियर म्हनतो, तवर हाच चालव."

"आन् तुमी काय म्हनलात?"

तो हात सोडवून घेऊ लागला. उचललेल्या सुपाखाली उभं राहून वंगण घालणारा तोच होता; दोर तुटला तर सूप त्याच्याच अंगावर. गौहरने हातातला हात सोडला नाही.

लालमहंमदची एक रीत होती. यंत्राखाली शिरताना इंजिन फिरवायचा लोखंडी दांडा तो काढून घेई. त्याच्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. दुपारी गौहर भाकरी घेऊन आली की दांडा तिच्या मांडीवर. "माझ्याबिगर कुनाला देऊ नको. सायेब आला तरी."

दुसऱ्या दिवशीही तो दांडा तिच्याकडे देऊन खाली शिरला. गौहरने दांडा भाकरीच्या टोपलीत ठेवला, वर फडकं टाकलं आणि सरळ घरची वाट धरली.

थोड्या वेळाने लोडर चालवणारा गोरक्ष सायकल दामटत आला.

"भाभी, दांडा तुमच्याकडं ऱ्हायला काय? सायेब लई तापलाय."

"त्यांच्याच हातात दीन. त्यांनीच तसं सांगितलंय."

"आमची बायकू भाकरी इसरती, तुमी तर मशीनच टोपलीत घालून आनली!" हसत हसत तो माघारी गेला.

मग लालमहंमद स्वतः आला. ज्वारीच्या कणगीला पाठ लावून गौहर उभी होती. नवऱ्याच्या कामात तिने आजवर कधी हात घातला नव्हता.

"दांडा?"

"कणगीत हाय. घ्या काढून. पन आधी ही बघा." तिने फाटकी चिंधी पुढे केली.

त्याने ती उलटीपालटी केली. त्याच्याच हातची होती. त्याला काय ठाऊक नव्हतं?

"सायबापुढं जीभच उचलंना बघ," तो हळूच म्हणाला. मग पेटीतून छिन्नी-हातोडा काढला. "दांडा राहू दे तिथंच."

कामावर जाऊन त्याने ब्रेक सैल सोडून सूप जमिनीवर टेकवलं आणि सगळ्यांदेखत तो दोर तोडून टाकला.

"घरी बसवीन तुला!" ओव्हरशियर ओरडला.

"बसवा, सायेब. पन नवा दोर कोन चढवनार?"

नवा दोर आला, लालमहंमदनेच चढवला. दांडा बसवताना त्याच्या पोकळ टोकातून ज्वारीचे दाणे सांडले, तेव्हा गोरक्षाने कपाळाला हात लावला.

त्या संध्याकाळी लालमहंमदने सवयीने हात पुढे केला. गौहरने सुई घेतली, बोट फिरवून तळहात चाचपला. एकही काटा नव्हता. तरीही अंधार पडेपर्यंत ती तो हात मांडीवर घेऊन शोधत बसली.