पोचा काढलेला डबा

निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, योगासनांना लागतात, नाहीतर सुनेच्या मागे लागतात. मी बाटल्यांच्या मागे लागलो. रिकाम्या हो. साहेबाच्या आणि निजामाच्या काळात आपल्याकडे जी औषधं विकली जायची, त्यांच्या बाटल्या, डबे, डब्या. नांदेडच्या आमच्या घरातल्या कपाटातून पुस्तकं बाहेर गेली आणि पित्ताच्या गोळ्या, पटकीचे थेंब, टकलावर केस उगवणारं तेल, दात पांढरे करणारी काळी पूड असा सगळा दवाखाना आत आला. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "भंगारवाला ओरडला तरी मी दार उघडत न्हाई. एक आत बसलाय तेवढा बास हाय."

त्या औषधांवरचा मजकूर मला फार आवडतो. काय ती हिंमत! एकाच बाटलीत खोकला, मूळव्याध, विसरभोळेपणा आणि सासुरवाडीचा धसका, सगळं बरं. आजचा डॉक्टर रक्त-लघवी तपासूनही "बघू या" म्हणतो. ते लोक न बघताच बरे करायचे. मुदखेडच्या बाजारात एकदा मला बामाची डबी मिळाली, आत बाम शिल्लक. एवढी जुनी वस्तू वाया कशाला घालवा, म्हणून मी तो गुडघ्याला चोळला. गुडघा असा सुजला की आठवडाभर मी जिना रांगत चढलो. डबीवर "चोळताच फरक जाणवेल" एवढंच लिहिलं होतं. खोटं काय होतं त्यात?

अशा माणसाच्या हातात माझ्या बहिणीने आपला डबा दिला. म्हणजे थोडी चूक तिचीही आहे.

आमची अक्का अहमदपूरला असते. तिची येसर आमटी म्हणजे आमच्या सगळ्या गणगोतात शेवटचा शब्द. ज्वारी, डाळ, धणे, खोबरं भाजून दळायचं, ती पूड म्हणजे येसर, ती पाण्यात कालवून उकळत्या फोडणीत सोडायची. लग्नाच्या पंगतीत भातावर तीच वाढतात. पण आजवर अक्काने हंडे चढवले ते घरच्या लग्नांत, फुकट. यंदा पहिल्यांदाच देवणीकडच्या एका अनोळखी घराने मुलीच्या लग्नासाठी तिला विचारलं. साठी उलटल्यावर स्वतःच्या हिमतीवर मिळणारं पहिलं काम. अक्काने अर्ध्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

हंड्यात येसर घालायचं तिचं माप म्हणजे एक पत्र्याचा डबा. सासूच्या सासूपासून चालत आलेला, काजळीने काळा झालेला आणि एका बाजूने पोटात गेलेला. मी त्याला सहज थुंकी लावून अंगठा घासला आणि काजळीखालून एक गोरा, मिशाळ पैलवान माझ्याकडे बघायला लागला. खाली इंग्रजी, शेजारी उर्दू, आणि कोपऱ्यात मोडक्या मराठीत "दुबळ्यांस बळ देणारी पूड". हा भाग तेव्हा निजामाचा. कुणी तरी साहेबाच्या मुलखातून, सोलापूरकडून आणला असणार.

"अक्का, तुझ्या घरात इतिहास आहे!"

"असू दे. थुकीचा हात धू आधी."

पैलवानाने एका हातावर काहीतरी उचललं होतं. ते नेमकं पोच्यात गेलेलं, नुसते चार पाय दिसत होते. अक्काच्या सासरी तीन पिढ्या तो माणूस पाट उचलून राहिला अशीच समजूत होती. मी म्हटलं, चार दिवस दे, चकचकीत करून आणतो.

नांदेडला मी तो थेट मोटारींचे पोचे काढणाऱ्या गॅरेजात नेला. तिथल्या पोराने डबा उलटापालटा करून पाहिला. "अंकल, ये कौनसे गाडी की टाकी है?" मी त्याला इतिहास समजावून सांगितला. त्याने तो एका कानाने ऐकला आणि लाकडी हातोडी आत घालून धाडधाड पोचा बाहेर काढला. पाट नव्हता, घोडा होता! भर गॅरेजात मी टाळ्या वाजवल्या. डबा लिंबाने घासला, पुसला आणि वाजतगाजत अहमदपूरला पोचवला. अक्का म्हणाली, "नवरीवानी नटवलास की रे!" मी तिथेच मुक्काम ठोकला. कौतुक अजून थोडं बाकी आहे असं वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी देवणीचे लोक चव बघायला आले. चव बघायला दोन माणसं पुरतात. हे जीप भरून आले. अक्काने मोठा हंडा चढवला, नेहमीच्या हिशेबाने डबे मोजून येसर घातलं. पानं मांडली, भात पडला, मी आमटीची बादली घेऊन वाढायला निघालो आणि पळी बाहेर येईना. आमटी वाहायच्या ऐवजी डुलत होती. भातावर घातली तर जागच्या जागी बसली, वर खुणेला पळीचा आकार. नवरीच्या आजोबांनी एक घास घेतला, मग वाटीवर हात आडवा धरला. "साकु, साकु." तिकडे सीमेवर बास म्हणायला कानडी शब्द वापरतात, कानडी येत नसलेल्यालाही तो चेहरा कळला असता. एक बाई फार सभ्यपणे म्हणाल्या, "पिठलं चांगलं झालंय."

जीप गेली. अक्का चुलीजवळ बसली ती उठेचना.

"हात गेला माझा," ती म्हणाली. "डबे तेच, हंडा त्योच. म्हणजे हातच गेला. त्या लोकास्नी फोन करून सांगा, दुसरी बाई बघा म्हणावं."

दाजी, म्हणजे तिचे यजमान, एरवी कशाचीही टिंगल करतात. ते गप्प राहिले तेव्हा मला खरी भीती वाटली. मी धीर द्यायला म्हणालो, "अगं, वयाने होतं असं." हा माझा धीर. अक्काने डोळ्याला पदर लावला.

संध्याकाळी ती डबा घासायला बसली. साबणाच्या हाताने तिने तो दोनदा सोडला. "ह्यो बी हातात बसंना झालाय," ती पुटपुटली. "पहिलं कसा, पंजा पोच्यात बसायचा."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पोचा गेला म्हणजे डब्याचं पोट बाहेर आलं. पोट बाहेर आलं म्हणजे येसर जास्त मावलं. माझ्या पोटाचा एवढा अनुभव असून मला हे कळायला पिठलं व्हावं लागलं. मी ओरडून सांगितलं. अक्काने आधी डबा पाहिला, मग मला पाहिलं, मग हसली, आणि मग जे बोलली ते इथे लिहिता येत नाही.

"मग आता थोडं कमी घाल की," मी म्हणालो.

"किती कमी? तू सांग. शिकलेला हायस न्हवं?"

दाजींना वाचा फुटली. "पाहुणे, पोचा तुमी काढला, तुमीच घाला. बसा त्याच्यावर."

बसलो. डबा निसटला, मी फरशीवर. मग वरवंटा आणला. मी एक ठोका मारायचा, अक्का डबा हातात धरून बघायची. "न्हाई." आणखी एक. "वर न्हवं, खाली." घोड्याचं पोट गेलं. "अजून." मानेचा रंग उडाला. एवढा दुर्मीळ ऐवज, आणि मी माझ्या हाताने त्याचा चेंदा करत होतो. "जरा हळू मारू का?" मी विचारलं. "घोड्याचं काय घेऊन बसलास, मार!" शेवटच्या ठोक्याला अक्काने डबा धरला, बोटं हलवून पाहिली आणि वरवंटा माझ्या हातातून काढून घेतला. पंजा बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दाजींनी देवणीला फोन लावला. "कालची आमटी आमच्या मेव्हण्यानं बिघडवली, परत या." कशी बिघडवली तेही त्यांनी सविस्तर सांगितलं, माझ्या देखत, दोनदा. एक दिवस सोडून ते परत आले, तेव्हा जीपच्या मागे एक मोटारसायकलही होती. आमटीसाठी किती आणि मला बघायला किती, कुणास ठाऊक. अक्काने मला बादलीला हात लावू दिला नाही. आजोबांनी भात कालवला, खाल्ला, वाटी पुढे केली. परत पुढे केली. मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्येच का ते?"

"हेच," दाजी अभिमानाने म्हणाले.

"लग्नात ह्यास्नी पाण्यावर ठेवा."

सगळी पंगत हसली, मीही हसलो. अक्का मात्र हसली नाही. तिने पदर खोचला, आजोबांसमोर जाऊन बसली आणि मी तिच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या करड्या आवाजात विचारलं, "हंडे तुमचे का आमचे? आन लाकडं वाळलेली लागतील, आत्ताच सांगते."