कपाटाखालचे कोश

नाटकात मी हातोड्याने तिघांचे मुडदे पाडले आहेत. खरा हातोडा काय करतो, ते मला शेजारच्या वहिनीकडून कळलं. प्रयोगशाळेत ती प्रेतांवरच्या अळ्यांचं वय काढायची, म्हणून सारी इमारत तिला 'अळीवहिनी' म्हणे. जेवायला बसताना सासू रोज दटावायची, "आधी हात दाखव."

"दहाही बोटं शाबूत आहेत, सासूबाई. एकही खाल्लेलं नाही."

एका सोमवारी संध्याकाळी बंद खोलीत एक शिंपीण मेलेली सापडली. हातोड्याने कवटी फोडलेली, जबडा निखळलेला, दोन्ही तळहात फाटलेले. नवरा बुधवारी दुपारीच परगावी गेला होता. भाऊ गुरुवारी संध्याकाळी आला, दार उघडेना म्हणून लाथा घालून गेला. शेजाऱ्यांनी ते पाहिलं होतं. शिपायाने प्रेतावरून अळ्या आणल्या. वहिनीने काढलेलं वय निघालं चार दिवस, म्हणजे गुरुवार. रातोरात पोलिसांनी भावाची बोटं टेबलाच्या खणात चेचली. बहिणीला मीच मारलं, असं त्याने लिहून दिलं. आता फाशीच.

वहिनीला चैन पडेना. सकाळीच तिने शिपायाला गाठलं.

"कपाटाखाली पाहिलंत?"

"ताई, प्रेत पलंगावर होतं. कपाटाखाली कशाला वाकू?"

"अहो, पोट भरलं की अळी ताट सोडून अंधारात जाते. थोरल्या केव्हाच निघून गेल्या, तुम्ही धाकट्या उचलून आणल्यात!"

वहिनी स्वतः त्या खोलीत गेली. सुकलेल्या रक्तात पालथी पडून तिने विजेरी मारली. कपाटाखाली गव्हाच्या दाण्यांसारखे तपकिरी, टणक कोश होते. त्या उकाड्यातही अंड्यापासून इथवर यायला सहा दिवस लागतात. म्हणजे बुधवारची सकाळ. तेव्हा नवरा घरातच होता.

नवऱ्याला पकडून आणलं. जबाब द्यायला आलेल्या वहिनीचा त्याने पोलीस चौकीच्या ओसरीतच गळा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. तिचे दोन दात पडले.

सुटल्यावर भाऊ तिच्या दारी आला. हाताला पट्ट्या होत्या.

"एक विचारू, ताई? ती... लगेच गेली का?"

हो म्हणणं किती सोपं होतं! वहिनीच्या शेजारून मी तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण कबुलीतल्या एका खोट्याने हा माणूस फासापर्यंत पोचला होता. वहिनी सुजलेल्या तोंडाने म्हणाली, "नाही रे. तळहातांवर अकरा घाव होते. लढली ती."

त्याने चेचलेली मूठ दारावर हाणली. पट्टी लाल झाली, तरी तो हाणतच राहिला. वहिनीने त्याला थांबवलं नाही.