उकडलेल्या वांग्याचं भरीत

वांगं भाजताना वहिनी चिमटा वापरायच्या नाहीत. देठाला धरून ते गॅसवर फिरवायच्या, बोट पोळलं की कानाची पाळी पकडायच्या आणि म्हणायच्या, “काळं पडू दे हो भावजी, त्याशिवाय खमंगपणा नाही.”

अशी एक शेजारीण तुम्हालाही लाभली असेल. नौपाड्यात आमची दारं समोरासमोर. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. मी नुसतं आमलेटचं नाव काढलं तरी दटावायच्या, “आधी चूळ भरा!”

त्यांचे यजमान म्हणजे माझा ऑफिसमधला मित्र. घरी येण्याआधी आम्ही दोघं स्टेशनामागच्या दुकानात खारवलेल्या मांसाच्या चकत्यांचं सलामी सँडविच खायचो. पहिलं मीच खायला घातलं होतं. पुढे ते रोजचंच झालं. मग बडीशेप चावत तो घरी जायचा आणि भरीतही चाटूनपुसून खायचा.

त्याला आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, “सॉसेज, सलामी असलं काही खाण्यात?”

“छे! आमच्याकडे अंडंही येत नाही,” वहिनी ताठ बसून म्हणाल्या.

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे पाहत राहिलो.

“पण मी वांगं, पापड अगदी काळे होईस्तोवर भाजते. त्यानं...?”

“त्याचा तसा ठाम पुरावा नाही. सलामीसारख्या मांसानं धोका वाढतो, हे मात्र नक्की. तरी एखाद्याला नेमकं कशानं झालं, ते सांगता येत नाही.”

त्यातलं स्वतःच्या स्वयंपाकघरात सापडलं तेवढंच वहिनींनी उचललं.

बाहेर आल्यावर मित्रानं माझा हात दाबला. “तिला सांगू नकोस रे. माझ्या ताटाला हात लावायची नाही ती.”

त्या आजारातच तो गेला. वहिनींनी पापडाची जाळी टाकून दिली. जिना उतरायचा तर त्यांच्या दारावरूनच, आणि दार कायम उघडं.

“भावजी, माझ्याच हातानं झालं ना?”

“नशीब, वहिनी.”

दर वेळी हेच. गेलेल्याला शब्द दिलेला, जिवंत बाई विचारतेय, आणि मी कठड्याला धरून उभा. खरं सांगायचं तर शब्दाचं निमित्त होतं. पहिलं सँडविच कुणी दिलं, हे त्यांनी विचारलं असतं.

पुढे त्या टिटवाळ्याला लेकीकडे गेल्या. एकदा भेटायला गेलो, तर आग्रहानं जेवायला बसवलं. पानात पांढरटसर, पाणी सुटलेलं भरीत.

“उकडून केलंय,” त्या म्हणाल्या. “कुठं काळं लागू दिलं नाही. तुम्ही निर्धास्त खा. आता तुम्हाला तरी जपायला हवं.”

तोंड उघडलं होतं मी, सांगण्यासाठीच. त्यांनी वाटी पुढे केली.

“वाढू?”

“वाढा,” म्हणालो.

त्यांच्या हातचं तेच शेवटचं.