चारकेबी सरांचा इंटरप्रिटर

आमच्या सरांना पसारा म्हणून खपत नसे. डब्यात दीड भाकरी, बोलणं चार वाक्यांचं, आणि प्रोग्राम चार केबीत बसलाच पाहिजे. बारामतीच्या एमआयडीसीत मोटर चालू-बंद करणारी पॅनेलं बनवणारं आमचं छोटं वर्कशॉप होतं, तिथे त्यांचं नावच 'चारकेबी' पडलं होतं. डिप्लोमा करून नवीनच लागलेली मी एकदा शहाणपणा करून म्हणाले, "सर, मोठी चिप घ्या की." सर म्हणाले, "मोठं घर बांधलं म्हंजी केर कमी व्हतो का?" आणि पुन्हा कामाला लागले.

त्या चार केबीत त्यांनी तीन वर्षं खपून एक भाषा बसवली होती. सोळा बटणं, त्यांवर चिकटवलेले कागद: जर, तर, पाणी, लाइट, चालू, बंद, थांब. बटणं दाबून ओळी घालायच्या. चिपमधला इंटरप्रिटर एकेक ओळ वाचणार आणि मोटर तशी वागणार. एरवी पुण्याच्या कंपनीच्या पॅनेलमध्ये साधी वेळ बदलायची तर तिथून माणूस यायची वाट बघावी लागे. सरांना त्याचा भयंकर राग. "मोटर पळसदेवच्या तात्यांची. मग तिनं कवा बंद व्हायचं हे पुण्यातला माणूस का ठरवणार?"

तात्या म्हणजे तिथल्या उपसा सिंचन संस्थेचे पंपचालक. उजनीचं पाणी मागे सरकलं की मोटर कोरडी चालून जळायची आणि बोलणी तात्यांना बसायची. दसरा झाला की संस्थेचे संचालक सरांचं यंत्र बघणार होते. पसंत पडलं तर सगळ्या पंपांवर तेच बसणार होतं. सरांनी तात्यांना सगळी बटणं कागदावर काढून दिली होती. "तुमच्या ओळी तुमीच लिवा," म्हणाले.

आणि त्या यंत्राची वाट मी लावली.

दरवर्षी दसऱ्याला सर घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जात. मागे वर्कशॉपात आमची खंडेनवमीची पूजा. त्या वर्षी मला वाटलं, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू, मग सरांच्या चिपाच का वगळायच्या? त्यांच्या तिन्ही चिपांवरचे मळके स्टिकर मी खरवडून काढले, चिपा पुसल्या, पूजेत मांडल्या. केवढं प्रेम उतू चाललं होतं माझं! आमच्याकडे बिनस्टिकरची चिप म्हणजे टाकाऊ. ती जांभळ्या दिव्याच्या पेटीत ठेवून आतला प्रोग्राम पुसून कोरी करायची आणि पुन्हा वापरायची. दसऱ्यानंतर मी कामावर आले, टेबलावरच्या बिनस्टिकरच्या चिपा सवयीने गोळा केल्या, पेटीत टाकल्या. त्यांत त्या तिन्हीही गेल्या.

प्रोग्रामच्या नकला असलेल्या सरांच्या फ्लॉप्या पावसाळ्यात बुरशीने गेल्या होत्या. नंतरच्या दुरुस्त्या ते थेट चिपवरच करत. दुसरीकडे ते काम कुठेच नव्हतं.

परतल्यावर सरांनी चिप वाचायला लावली. स्क्रीनभर नुसतं एफएफ, एफएफ. कोऱ्या चिपेत तेवढंच असतं. मी रडतरडत सगळं सांगितलं. त्यांनी थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं. "पूजेला मांडल्या व्हय माझ्या चिपा?" एवढंच विचारून ते स्टुलावर बसले.

"पुन्हा लिहू, सर."

"कुठल्या फटीत काय कोंबलं व्हतं, ते आता मलाबी सांगता यायचं न्हाय."

पुढे संस्थेने त्या पुण्याच्या कंपनीचं पॅनेल बसवलं. सरांनी वर्कशॉप सोडलं आणि इंदापुरात कुठल्याशा ऑफिसात कारकुनी धरली. भेटले तरी त्या विषयावर बोलत नसत. पण वर्कशॉप सोडण्याआधी ते पळसदेवला जाऊन तात्यांना सगळं सांगून आले. मीही बरोबर होते.

तात्यांनी ऐकून घेतलं. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. अकरा ओळी होत्या, खोडून खोडून लिहिलेल्या. "मंग ह्येचं काय करू, सर?"

सरांनी कागद घेतला आणि पंपाच्या स्टार्टरपाशी उभे राहिले. पहिली ओळ मोठ्याने वाचली, पाण्याकडे पाहिलं, हिरवं बटण दाबलं. मोटर सुरू झाली. पुढची ओळ वाचली, तिच्यात लिहिलं होतं तेवढा वेळ घड्याळाकडे बघत थांबले, लाल बटण दाबलं. अशा एकेक करून अकराही ओळी त्यांनी स्वतःच्या हाताने चालवल्या. मग कागदाची घडी करून तात्यांच्या हातात ठेवली.

"तात्या, एकबी चूक न्हाय. समदं बरोबर लिवलंय तुमी."