दुसऱ्या गिअरमधले गुरुजी

“सर, आपला दुसराच बरा,” म्हणत गुरुजी गिअरच्या दांडीवर हात ठेवायचे, आणि मग ती दांडी तिथून हलायची नाही.

लोह्यात माझा ड्रायव्हिंग क्लास आहे. शिकाऊ लोकांच्या नाना तऱ्हा तुम्हीही पाहिल्या असतील. पण पासष्टीला वही-पेन घेऊन शिकायला आलेले निवृत्त मास्तर मी एकच पाहिले. मी त्यांना गुरुजी म्हणायचो, ते मला सर. कोण कुणाला शिकवतंय, हे बघणाऱ्याला कळायचं नाही.

चढाला, उताराला, चिखलात, गर्दीत पहिला-दुसरा. रस्ता मोकळा झाला की वरचा. हे त्यांनी लिहून घेतलं, खाली रेघ मारली. आणि स्वतःची गाडी घेतल्यावर सगळा नांदेड रस्ता दुसऱ्यातच चालवू लागले. इंजिन असं बोंबलायचं की क्लाससमोरून ते जाताना मी मान खाली घालायचो. पानवाला हटकून विचारायचा, “तुमचेच इद्यार्थी ना?”

शेवटी एकदा मी गाडी अडवली. “गुरुजी, इंजिन मारून राहिलेत तुम्ही. तिसरा टाका की.”

त्यांनी मागं पाहिलं. मागच्या सीटवर चहूबाजूंनी उशा लावून गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस, हाडं पार ठिसूळ झालेली.

“सर, दुसऱ्यात नुसता पाय उचलला की गाडी दमानं हळू होती. वरच्यात ब्रेक मारावा लागतो, अन् हिला हिसका बसतो.”

मला लाज वाटली. मी बाजूला झालो. त्यानंतर तो आवाज ऐकू आला की बरं वाटायचं. ठरल्या दिवशी नाही आला तर जीव टांगणीला लागायचा.

एका सकाळी मी शटर वर करत होतो. गुरुजींची गाडी हॉर्न वाजवत आली आणि समोरून गेली ती थेट चौथ्यात. काकू मागे आडव्या होत्या, शेजारीण त्यांचं डोकं मांडीवर धरून बसलेली. चौथा गिअर गुरुजींनी आयुष्यात एकदाच टाकला होता, तोही मी शेजारी असताना. मला काकूंची भीती वाटली आणि गुरुजींच्या हातांचीही. दिवसभर फोन लावत राहिलो. त्यांनी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अँब्युलन्स काकूंचा देह घेऊन घराकडे गेली. मागोमाग गुरुजींची गाडी आली आणि माझ्या दाराशी थांबली. आत ते एकटेच होते. काच खाली करून त्यांनी विचारलं,

“सर, काल वरचे गिअर टाकले मी. हिला लई हिसके बसले असतील का हो?”

“न्हाई, गुरुजी,” मी म्हणालो, आणि हात आत घालून गाडी बंद केली.