खळ्यावरचं आभाळ

विमलआत्यामुळे मी शिकलो. आता तालुक्याच्या कार्यालयात बसून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर हवामानाचे मेसेज पाठवतो.

परवा गावी गेलो, तर आत्या खळ्यावर भिजलेलं सोयाबीन चाळवत होती. दाण्यांना मोड आले होते.

"ढग दिसले नव्हते का गं?"

"दिसले की! शेजारीण ताडपत्री घेऊन धावत आली. तिला म्हटलं, आमच्या दिनूनं कोरडं राहील म्हणून लिहिलंय, तू कशाला घाबरतेस?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तेच मला टोचत राहिलं. जन्मभर ढग ओळखत आलेली बाई माझ्या दोन ओळींवर विसंबून घरात बसली होती.

परतल्यावर पत्र लिहिलं: "आत्या, मेसेज सगळ्या तालुक्यासाठी असतो. तुझ्या खळ्यावरचं आभाळ मला इथून दिसत नाही. पुन्हा ढग आले तर माझं ऐकू नकोस, आधी ताडपत्री टाक. तुझा दिनू."