दाराच्या आतला हात

माझी थोरली बहीण एका कारखान्यात गाड्यांची दारं सांधायची. सांधायची म्हणजे काय, तर बाहेरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि बिजागरीची लोखंडी पट्टी यांच्यामध्ये प्लास्टिकची फीत चिकटवायची, कडेकडेनं फटी बुजवणारं सीलंट भरायचं आणि प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घालायचा. एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं की ताई म्हणायची, "जावाजावांचं असतं ना, तसं आहे हे. एका घरात नांदा, पण अंगाला अंग लागू देऊ नका. हे दोन धातू टेकले आणि मध्ये खारट ओल शिरली, की लोखंड ढिम्म राहतं आणि अ‍ॅल्युमिनियम बिचारं खंगत जातं. वरून रंग टकाटक, आत पांढरी भुकटी."

भाऊजी त्याच कारखान्यात तिच्या शेजारच्या बाकावर होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांचं लग्न जमलं तेसुद्धा एकाच दाराच्या दोन बाजूंना उभं राहून. तरुणपणी पत्रा दाबायच्या प्रेसखाली सापडून त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच उरलं होतं. तरी हातमोजे घालतील तर शपथ! ताई करवादायची, "अहो, घाम म्हणजे मीठच. पत्र्याला उघडा हात लावू नका." ते हसायचे. "मोज्यातून दार बोलत नाही गं," म्हणायचे.

ते गेले जेवणाच्या सुट्टीत. बाकावर बसले, डबा पुढ्यात ओढला आणि तसेच कलंडले. मूलबाळ नव्हतं, म्हणून मी ताईकडे राहायला आले. मी तिला सांगत होते, थोडे दिवस घरी थांब. पण तिला घर खायला उठायचं. आठवडा व्हायच्या आत ती कामावर हजर झाली. बोलायची कमी, हात मात्र चालू.

पहिलं दार परत आलं ते पुढच्या वर्षी. पार्सलं पोचवणाऱ्या गाडीचं होतं. बिजागरीपाशी रंगाला फोड आले होते. फोरमननं ते ताईच्या बाकावर ठेवलं. तिनं रंग खरवडला, पट्टी काढली, फीत सोलली, आणि खालच्या पत्र्यावर पांढऱ्या भुकटीत उमटलेला पंजा दिसला. तळवा, अंगठा, तीन पूर्ण बोटं आणि एक अर्धं.

फोरमन वाकून पंजा बघू लागला. मग म्हणाला, "ताई, यात भिण्यासारखं काही नाही. उस्तादांनी उघड्या हातानं पत्रा दाबला, घाम फितीखाली कोंडला. कडेनं ओल शिरली असणार. जिथं मीठ, तिथं पत्रा खाल्ला गेला."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. तिनं तो पंजा धुतला, वाळवला आणि पॉलिश पेपरनं घासून काढला. त्या दिवशी घरी आली ती हात न धुताच बसून राहिली. नखांत पांढरी भुकटी तशीच.

मग अशी दारं येतच राहिली. कधी भाजीच्या गाडीचं, कधी रुग्णवाहिकेचं. फोरमनचं म्हणणं पटण्यासारखं होतं, पण माणसाच्या मनाला कोण समजावणार? लोक तिच्या बाकाला वळसा घालून जाऊ लागले. रंगारी एकदा थट्टेत बोलून गेला, "उस्ताद अजून हजेरी लावतायत." कुणीच हसलं नाही. तोसुद्धा मग मान खाली घालून निघून गेला. ताई मात्र प्रत्येक पंजा घासायची. "माझंच काम आहे हे," एवढंच म्हणायची.

शाळेच्या गाडीचं दार आलं त्या दिवशी मी तिथेच होते. ताई चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला गेले होते. भर दुपार, पत्र्यावर लख्ख ऊन. रंगाला एक फोड नव्हता, ओरखडासुद्धा नव्हता. पण वरच्या बिजागरीशेजारी पत्राच बाहेर आला होता. पंजाच्या आकारात. आतून कुणी सारा जोर लावून ढकलावं तसा.

ताईनं चष्मा लावला आणि त्या फुगवट्यावरून बोट फिरवलं. अर्ध्या बोटापाशी ते थांबलं.

"हे दार उस्तादांचं नाही," फोरमन दारावरची तारीख बघून हलक्या आवाजात म्हणाला. "ते गेल्यावरचं आहे. तुमच्याच हातचं. भंगारात टाकू या."

"थांबा. उघडून बघू दे."

तिनं पत्र्याची दुमडलेली कड उचकटली. आत सगळं कोरडं ठणठणीत. फीत शाबूत, सीलंट अखंड, पट्टी नव्यासारखी, भुकटीचा कण नाही. फुगवटा यावा असं काहीच तिथं नव्हतं. फोरमन दोन पावलं मागे सरला.

ताई मात्र खालच्या बिजागरीकडे वळली. का वळली, हे तिलाही नंतर सांगता आलं नाही. बोल्ट तिच्या नुसत्या चिमटीत सुटून आला. खाली वॉशर नव्हता. उघडं लोखंड थेट अ‍ॅल्युमिनियमला टेकलं होतं, आणि भोकाभोवतीचा पत्रा भुकटी होऊन गळून गेला होता. भोकात माझा अंगठा गेला असता. खालच्या बाजूनं दार नुसतं रंगावर तगलं होतं म्हणा ना! एखाद्या वळणावर पोरं रेलली असती, तर दारासकट रस्त्यावर गेली असती.

ताईनं तो बोल्ट तळहातावर घेतला. "ते गेले, त्याच आठवड्यातलं दार आहे हे," ती म्हणाली. "मी काय करत होते, माझं मलाच कळत नव्हतं. वॉशर राहिलेच." मग फोरमनला म्हणाली, "त्या आठवड्यात मी केलेली सगळी दारं परत मागवा. आजच."

फोरमननं फाटे फोडले नाहीत. दारं आली. आणखी एकात वॉशर नव्हते. तिथंही पत्रा पोखरायला लागला होता.

शाळेच्या गाडीचं दार तिनं भंगारात टाकू दिलं नाही. पत्र्याचं खालचं टोक कापून नवा तुकडा जोडला, फुगवटा लाकडी हातोडीनं हळूहळू बसवला. मग फीत, सीलंट, वॉशर. प्रत्येक वॉशर बोटानं चाचपून. सगळं झाल्यावर शेवटची कड दुमडून बंद करायची होती. तिनं हातोडी उचलली, आणि थांबली.

"बोटं काढा बघू आतून," ती म्हणाली.

मी लांब भिंतीशी उभी होते. फोरमन दुसऱ्या टोकाला. आमच्यापैकी कुणाचा हात दाराच्या जवळपाससुद्धा नव्हता, आणि मला ती कधी अहो-जाहो करत नाही.

ती जरा वेळ वाट बघत राहिली. मग मान डोलावली आणि कड ठोकून बंद केली.